ओझरचं मिग आणि नाशिकचा रोजगार : हे सगळं आलं कुठून

नाशिकमध्ये एचएएलला (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) नवीन ऑर्डर मिळाली की सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनाही हायसं वाटतं, त्याचं मूळ १९६२ मध्ये आहे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत रशियाशी मिग-२१ या लढाऊ विमानाचा करार केला, ऑक्टोबरमध्ये चीनचं युद्ध सुरू झालं, नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. युद्धाआधी जीडीपीच्या दोन टक्क्यांच्या आसपास असलेला संरक्षण खर्च दोनेक वर्षांत जवळपास दुप्पट झाला. हा पैसा फुकटात आला नाही हे विसरू नये, कारण १९६५ चं युद्ध आणि लागोपाठचे दुष्काळ पण आले आणि १९६६ ला सुरू व्हायची चौथी पंचवार्षिक योजना १९६९ वर गेली, म्हणजे धरणं, शाळा, रस्ते यांच्या वाट्याचा पैसा आटला.

पण नाशिकजवळच्या ओझरला मात्र त्याच पैशातून एचएएलचा मिग बनवायचा कारखाना उभा राहिला. मिगचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात टाउनशिप आली, एसटीच्या पाटीवर ‘ओझर मिग’ आलं, आयटीआय झालेल्या पोरांना पक्की नोकरी मिळाली. माझ्या मते खरी कमाई नुसत्या पगाराची नाही, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) काम करणारे हात तयार झाले ही आहे. ते काम मग बाहेरच्या वर्कशॉपमध्येही गेलं.

अडचण अशी की गिऱ्हाईक एकच, सरकार. मिग-२१ नंतर मिग-२७ आलं, मग २००० च्या रशियाशी झालेल्या करारातली १४० सुखोई लढाऊ विमानं, त्यातही बराच माल रशियातून यायचा म्हणजे तेवढा पैसा बाहेरच. सुखोईचं काम संपत आलं तसं पुढं काय हा प्रश्न शहरात उघड विचारला जायला लागला, कारण ऑर्डर थांबली की आधी छोट्या वेंडरचं मशीन बंद पडतं, कंपनीला ताळेबंदात ते नंतर दिसतं.

डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा साधारण १३,५०० कोटींचा करार झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या लाइनवरचं पहिलं तेजस हे देशी लढाऊ विमान उडालं. ही लाइन वर्षाला ८ विमानांची आहे, अडचण एवढीच की इंजिन अमेरिकेतून येतं आणि ते उशिरा येतंय.