ट्रायकोप्लॅक्स: साठ वर्षं दुसऱ्याचं पिल्लू ठरलेला प्राणी

घोडबंदर रोडवर किंवा वाशीत कुणाच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी असेल, तर काचेवर आतल्या बाजूने कधी कधी करड्या-पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिसतो. एक ते तीन मिलिमीटरचा, वेड्यावाकड्या कडांचा. बहुतेक जण तो स्क्रॅपरने खरवडून टाकतात. तसं न करता दहा मिनिटं थांबलं, तर ठिपका किंचित सरकलेला दिसतो आणि त्याचा आकारही बदललेला असतो. तो ट्रायकोप्लॅक्स अढेरेन्स असू शकतो. तोंड, पोट, मज्जापेशी, स्नायू यातलं त्याला काहीच नाही. पुढची-मागची बाजूही नाही. जाडी मिलिमीटरच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढी.

त्याचा इतिहासही टाकीच्या काचेवरच सुरू झाला. ऑस्ट्रियातलं ग्राट्स शहर समुद्रापासून दूर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत फ्रान्झ आयलहार्ड शुल्झे यांना 1883 मध्ये हा प्राणी दिसला. ‘केसाळ, चिकटून राहणारी चकती’ अशा अर्थाचं नाव त्यांनी त्याला दिलं. कारण त्याच्या अंगावर सगळीकडे पक्ष्माभिका, म्हणजे हलते सूक्ष्म केस असतात. आपल्याला मिळालेला हा प्राणी कोणत्याही माहीत असलेल्या गटात बसत नाही, हे शुल्झे यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

1907 मध्ये टिलो क्रुम्बाख यांनी वेगळंच सांगितलं. त्यांच्या मते हा स्वतंत्र प्राणी नव्हताच, एलेउथेरिया या छोट्या जेलीफिशच्या गटातल्या प्राण्याचा तो डिंभ, म्हणजे पिल्लाची अवस्था, होता. शुल्झे यांनी 1914 मध्ये याला लेखी हरकत घेतली, पण पाठ्यपुस्तकांनी क्रुम्बाख यांचंच म्हणणं उचललं. खरं तर ही शंका पडताळून पाहणं अवघड नव्हतं. डिंभ काही दिवसांत बूड टेकवतो आणि त्याचा पॉलिप, म्हणजे एका जागी चिकटून राहणारा नळीसारखा प्राणी, होतो. ट्रायकोप्लॅक्स वेगळ्या भांड्यात महिनोन्‌महिने वाढवला असता, तर तो ट्रायकोप्लॅक्सच राहतो आणि मधोमध चिरून एकाचे दोन होतात, हे दिसलं असतं. तेवढी वाट पाहिली गेली नाही आणि पन्नास-साठ वर्षं हातची गेली.

ती वाट पाहिली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या कार्ल ग्रेल यांनी. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तांबड्या समुद्रातून आणलेल्या शैवालाच्या नमुन्यात त्यांना हा प्राणी मिळाला आणि त्यांनी तो प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या टिकवला. त्याच्यात त्यांना अंडपेशी दिसल्या, आणि डिंभाचा मुद्दा तिथेच निकाली निघाला. 1971 मध्ये त्यांनी त्याच्यासाठी प्लॅकोझोआ हा स्वतंत्र संघ, म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणातला मोठा गट, मांडला.

शरीररचना तीन थरांची. वरचा थर पातळ, खालचा दाट, आणि मध्ये फांद्यांसारखे हात पसरलेल्या तंतुपेशी. खालचा थर हेच त्याचं पोट. शैवालावर आला की प्राणी थबकतो, खालच्या थरातल्या काही पेशी पाचक द्रव सोडतात, अंगाखालच्या शैवालपेशी फुटतात आणि पोषक द्रव्यं तिथल्या तिथे शोषली जातात. सूक्ष्मदर्शकाखाली लालसर पेशी एकेक करून फुटताना पाहिल्या, की तोंडाविना खाणं कसं चालतं ते लगेच उमगतं.

शोधण्याची पद्धत साधी आहे. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत, पंपाचा थेट झोत लागणार नाही अशा जागी काचपट्ट्या उभ्या ठेवायच्या. दहा ते चौदा दिवसांत त्यांच्यावर शैवालाचा पातळ तपकिरी थर धरतो. मग पट्टी त्याच पाण्याच्या काचेच्या बशीत घ्यायची (हवेत वाळू द्यायची नाही) आणि बाजूने प्रकाश टाकून 20 ते 40 पटीत पाहायची. सगळ्यात जास्त घोटाळा चपट्या कृमींशी होतो. कृमीला डोक्याकडची बाजू असते आणि वळताना तो अख्खा वळतो. ट्रायकोप्लॅक्स न वळता कोणत्याही कडेकडून चालायला लागतो. उचलताना ओरबाडू नये, बारीक पिपेटने कडेखाली पाण्याचा हलका झोत मारला की तो सुटतो. माशांच्या औषधातलं तांबं टाकीत कधी पडलं असेल, तर तिथे शोधण्यात अर्थ नाही.

बशीत वाढवताना क्षारता लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास ठेवायची, तापमान 22 ते 25 अंश, आणि खायला ऱ्होडोमोनास हे लाल सूक्ष्मशैवाल. ते जास्त पडलं तर सडतं, प्राणी आक्रसतात आणि तळ सोडतात. ठाण्यात मे महिन्यात बशीतलं पाणी झपाट्याने उडतं आणि क्षारता चढते. म्हणून झाकण ठेवावं, पातळीची खूण मार्करने करावी आणि घट आरओच्या पाण्याने भरावी. मिठाच्या पाण्याने भरली तर क्षार वाढतच जातात.

ठाणे खाडीत हीच पद्धत जड जाते. भरती-ओहोटीसोबत येणारा गाळ एक-दोन दिवसांत पट्टीवर बसतो आणि शैवाल दाबून टाकतो. पावसाळ्यात पाण्याचा खारेपणाही उतरतो. शिवाय 2015 पासून खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्यात आहे, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय काही ठेवता येत नाही. तरी तिवरांची खाडी म्हणून ती वगळायचं कारण नाही. 2018 मध्ये वर्णन झालेली होइलुंगिया हाँगकाँगेन्सिस ही या संघातली नवी प्रजाती हाँगकाँगच्या तिवरांच्या भागातूनच आली होती.

2008 मध्ये ट्रायकोप्लॅक्सचा जनुकसंच वाचला गेला. डीएनएची सुमारे 9 कोटी 80 लाख अक्षरं, साडेअकरा हजारांच्या आसपास जनुकं. मज्जापेशी नसलेल्या या प्राण्यात, इतर प्राण्यांच्या मज्जापेशी संदेशवहनाला वापरतात त्यातली बरीच जनुकं निघाली. पुनरुत्पादनाचं कोडं मात्र तसंच आहे. बशीत गर्दी वाढली, खाणं कमी पडलं आणि पाणी जरा कोमट असलं की अंडपेशी तयार होतात. भ्रूण 128 पेशींपर्यंत वाढतात आणि मरतात. साठ वर्षं ज्याला डिंभ म्हटलं गेलं, त्याचा स्वतःचा डिंभ अजून कुणी पाहिलेला नाही.