कमांड-लाइन टूल इन्स्टॉल करणे

कमांड-लाइन टूल म्हणजे टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या जागी, नाव टाइप करून चालवायचा प्रोग्राम. त्याला क्लिक करण्याजोगी खिडकी नसते. तो इन्स्टॉल करताना आपल्या प्रोसेसरला चालणारी फाइल मिळवावी लागते, ती ज्या इतर फाइलींवर अवलंबून असते त्या आणाव्या लागतात आणि नाव टाइप केल्यावर ती टर्मिनलला सापडेल अशी सोय करावी लागते. यांतले किती काम सिस्टिम स्वतः करते आणि किती माणसावर सोडते, एवढाच लिनक्स, विंडोज, मॅक आणि अँड्रॉइड यांच्यातला खरा फरक. मात्र या सगळ्या व्यवस्था सलग इंटरनेट आणि सलग वीज गृहीत धरून बनल्या आहेत. धारणी, भामरागड किंवा एटापल्लीकडच्या गावांत दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे तिथे इन्स्टॉल करण्याची रीतही थोडी वेगळी पडते.

उदाहरणासाठी टेसरॅक्ट घेऊ. छापील पानाच्या फोटोवरून मजकूर काढून देणारे हे टूल मराठीही वाचते. ग्रामपंचायतीचे टाइप केलेले जुने ठराव किंवा वाचनालयातली छापील पाने कॉम्प्युटरवर घ्यायला ते कामाचे आहे. हस्ताक्षरातली दप्तरे त्याच्याकडून वाचून घेण्याची आशा धरू नये. १९८०च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत त्याचे काम सुरू झाले आणि २००५मध्ये ते मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वापरायला आणि बदलायला खुले झाले.

लिनक्सवर हे सगळ्यात सोपे. डेबियन, उबुंटू आणि डेबियनवरच उभी असलेली सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स या लिनक्सच्या प्रकारांत एपीटी हा पॅकेज मॅनेजर, म्हणजे टूलचे तयार गठ्ठे (पॅकेजे) आणून बसवणारा प्रोग्राम असतो. आधी ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर’ आणि मराठीसाठी त्याच नावापुढे ‘-मार’ जोडलेले पॅकेज. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे लागतात. ‘सुडो’ म्हणजे आज्ञा सिस्टिमच्या मुख्य अधिकाराने चालवणे.) एपीटी अवलंबून असलेली पॅकेजे स्वतः शोधते. दुसरी पॅकेजे सोबत आणायची असली, तर किती एमबी उतरवायचे ते आधी सांगून परवानगी मागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालले असेल तर हा आकडा वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नये. फेडोरा या दुसऱ्या प्रकारच्या लिनक्सवर हेच काम डीएनएफ करते.

आज्ञा बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवलेली असते आणि घोळ तिथेच होतो. फोनचा कीबोर्ड पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, आणि लिनक्सला मोठे आणि लहान अक्षर वेगळे. काही कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हे वाकडी करतात, दोन लागोपाठच्या आडव्या रेघांची एकच लांब रेघ करतात. आज्ञा दिसायला बरोबर असते, पण चालत नाही. अशी आज्ञा चिकटवण्यापेक्षा हाताने टाइप करावी.

मधेच लाइन गेली तर? उतरवणे अर्धवट राहिले असेल तर फारसे बिघडत नाही. एपीटी पुढच्या वेळी बहुधा तिथूनच पुढे सुरू करते. पॅकेज बसत असताना गेली तर नंतर डीपीकेजी (एपीटीच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्राम) अडवून बसते आणि काम मधेच तुटल्याचे सांगते. उपायही त्याच संदेशात लिहिलेला असतो: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. लोक तो न वाचता सगळी सिस्टिम नव्याने टाकतात, त्याची सहसा गरज नसते.

गावात नेटच नसेल तर पॅकेज पेनड्राइव्हवर येते. अमरावतीला किंवा परतवाड्याला शिकणारा कोणी सुट्टीला येताना घेऊन येतो. त्यासाठी तिथला कॉम्प्युटर गावातल्यासारखाच हवा: लिनक्सची तीच आवृत्ती, प्रोसेसर ३२ की ६४ बिटचा तोही तोच (‘युनेम -एम’ ते सांगते). तिथे एपीटीला ‘--डाउनलोड-ओन्ली’ सांगितले की सगळ्या डेब फाइली (पॅकेजच्या फाइली) व्हार, त्यात कॅश, त्यात एपीटी, त्यात आर्काइव्हज या फोल्डरात जमतात. पण एखादे पॅकेज त्या कॉम्प्युटरवर आधीच असले तर ते पुन्हा उतरत नाही आणि गावात नेमके तेच कमी पडते. म्हणून शक्यतो नव्याने टाकलेल्या सिस्टिमवर हे करावे. गावात त्या फाइली एका फोल्डरात ठेवून एपीटीलाच त्यांचा पत्ता द्यावा. एकेक फाइल डीपीकेजीने बसवली तर अवलंबनाचा गुंता आपल्याला सोडवावा लागतो.

यात एक गोष्ट हातून सुटते. रिपॉझिटरीतून, म्हणजे इंटरनेटवरच्या पॅकेजांच्या अधिकृत साठ्यातून थेट घेतलेल्या पॅकेजची डिजिटल सही एपीटी तपासते. पेनड्राइव्हवरून आलेल्या डेब फाइलीची ती तपासणी होत नाही. म्हणून जिथे फाइल उतरवली तिथे ‘एसएचए२५६सम’ चालवून आलेला आकडा (फाइल जराही बदलली तर तोही बदलतो) फोनवर कळवावा आणि गावात ताडून पाहावा. विंडोजवर हे काम सर्टयुटिल करते. चार सेवा केंद्रांतून फिरलेल्या पेनड्राइव्हवर एवढा संशय ठेवायलाच हवा.

विंडोजवर विंगेट हा पॅकेज मॅनेजर २०२१मध्ये १.० आवृत्तीला पोचला. त्याला विंडोज १०ची १८०९ किंवा नंतरची आवृत्ती लागते. विंडोज ७वर तो चालत नाही, आणि त्या सिस्टिमचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे. तिथे झिप किंवा इन्स्टॉलर फाइल हाताने आणावी लागते. झिप सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाच्या, मधे मोकळी जागा नसलेल्या फोल्डरात उघडावी. काही जुनी टूल्स देवनागरी नावाच्या फोल्डरात अडखळतात. मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जाऊन त्या फोल्डरचा पत्ता ‘पाथ’मध्ये जोडायचा. पाथ म्हणजे टर्मिनल ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधते त्यांची यादी. ‘कमांड ओळखता येत नाही’ असा संदेश आला की पुष्कळदा टूल आलेले असते, फक्त या यादीत नसते. यादी बदलल्यावर आधीपासून उघडी असलेली खिडकी बंद करून नवी उघडावी, कारण जुनीला बदल कळत नाही. टेसरॅक्टच्या बाबतीत मराठीची डेटा फाइल त्याच्या टेसडेटा फोल्डरात आहे ना, तेही पाहावे.

मॅकवर बहुतेक जण २००९मध्ये मॅक्स हॉवेल यांनी सुरू केलेला होमब्रू हा पॅकेज मॅनेजर वापरतात. त्याआधी अ‍ॅपलची कमांड-लाइन साधने लागतात आणि ती बरीच मोठी असतात. ती शहरातूनच बसवून आणलेली बरी.

खेड्यात सगळ्यात हाताशी असलेला कॉम्प्युटर म्हणजे अँड्रॉइड फोन. टर्मक्स हे अ‍ॅप त्यावर लिनक्ससारखे टर्मिनल देते. ते एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अ‍ॅप्सच्या साठ्यावरून घेण्याची शिफारस त्याचे निर्मातेच करतात. फोन रूट करावा, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवावा लागत नाही, सुडोही लागत नाही. ‘पीकेजी इन्स्टॉल’ आणि पुढे टूलचे नाव पुरते. सगळे टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरात बसते, त्यामुळे अ‍ॅप काढले की टूल्सही जातात. कॅमेऱ्याने काढलेल्या ठरावाच्या फोटोपर्यंत पोचायला मात्र ‘टर्मक्स-सेटअप-स्टोरेज’ चालवून एकदा परवानगी द्यावी लागते.