तपकिरी म्हणजे गावरान?

आईच्या खुराड्यात सध्या सात कोंबड्या आहेत आणि टोपलीतल्या अंड्यांच्या किमान पाच छटा. एक गर्द तपकिरी, दोन-तीन बदामी, एक गुलाबीकडे झुकणारं, आणि एक जवळजवळ पांढरं. आठवडी बाजारात गिऱ्हाईक टोपलीत हात घालतं, तपकिरी तेवढी वेचतं आणि ते पांढुरकं अंडं बोटांत फिरवत विचारतं, "यात पोल्ट्रीची मिसळलीत काय हो मावशी?"

"अवं, एकाच खुराड्यातली हायत सगळी. ते बोडकीचं हाय."

बोडकी म्हणजे मानेवर पीस नसलेली आमची कोंबडी. खुराड्यातली सगळ्यात गावरान तीच. गर्द तपकिरी अंडी घालणाऱ्या तांबडीचा आजा मात्र ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे मूळचा अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा. त्या जातीतही मलायाकडच्या आणि चीनकडच्या कोंबड्यांचं रक्त आहे. कोंबड्या पाळणारे या जातीला 'आरआयआर' म्हणतात. तेव्हा गिऱ्हाईक 'अस्सल गावरान' म्हणून जे उचलतं, तो रंग जग फिरून आलेला असतो.

रंग चढतो कसा, ते आधी बघू. बलक बीजकोशातून सुटला की त्यावर पांढऱ्याचे थर बसतात, मग पातळ पापुद्रे, आणि शेवटी अंडं कवचग्रंथीत येतं. तिथे ते वीसेक तास मुक्काम करतं. या मुक्कामात त्यावर चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं कवच चढतं. ते मुळात पांढरंच असतं, कोंबडी पांढरं अंडं घालणारी असो की तपकिरी. तपकिरी अंड्याला रंगाचा हात मिळतो तो बहुतेक शेवटच्या काही तासांत, वरून. खात्री करायची तर तपकिरी अंडं फोडा, टरफलाच्या आतला पापुद्रा नखाने सोला आणि आत बघा. पांढरं दिसेल. आता टरफलाच्या बाहेरच्या बाजूला लिंबू पिळा. बारीक फेस येतो, आणि बोटाने चोळलं की तपकिरी रंग निघून येतो.

या प्रयोगामुळे एक भानगड होते. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकतात, तेव्हा लिंबाने घासून पाहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण लिंबाने खऱ्या तपकिरी अंड्याचाही रंग सुटतो. त्या परीक्षेत आमची तांबडीसुद्धा नापास होईल.

हे तपकिरी रंगद्रव्य म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन. त्यात लोह बसवलं की हीम तयार होतं, रक्ताला लाल करणारं. हीम मोडलं की बिलिव्हर्डिन मिळतं. मार लागलेली काळीनिळी जागा नंतर हिरवट होते, ती त्याच्यामुळे. अंड्याच्या दुनियेत हे बिलिव्हर्डिन निळा रंग देतं. म्हणजे रक्ताच्या वाटेवरचं आधीचं ठाणं तपकिरी आणि नंतरचं निळं. कोंबडीच्या अंड्यांच्या झाडून साऱ्या छटा या दोन डब्यांतून निघतात. मोबाइलवर फिरणारी काळीकुट्ट 'कडकनाथची अंडी' त्यात कुठेच बसत नाहीत. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मांस, कातडी, हाडंसुद्धा काळपट असतात, पण अंडं फिकट बदामीच. मांसाचा काळेपणा वेगळ्या जनुकांच्या हातात आहे, कवचग्रंथीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता संकराकडे. आमच्याकडे तो ठरवून होत नाही. कोणी सरकारी योजनेतून आरआयआरची पिल्लं आणतं, कोणी गिरिराज, कोणी वनराज, म्हणजे सुधारित जातींची. ही पिल्लं वाढतात झपाट्याने, अंडीही जास्त देतात, पण खुडूक बसत नाहीत, म्हणजे अंडी उबवत नाहीत. मग त्यांची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली सरकवली जातात. कोंबडे तर गल्लीभर हिंडतात. दोन-तीन वर्षांत कोण कोणाचं, हे देवच जाणे.

तपकिरी रंग एका जनुकाच्या हातात नसतो. लग्नाच्या स्वयंपाकात सात-आठ बायका एकाच पातेल्यात आपापल्या हाताने चिमूट-चिमूट तिखट टाकतात, तसं ते आहे. पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्नशी आरआयआरचा संकर केला की पहिल्या पिढीच्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, मधलाच, दुधाळ बदामी रंग देतात. त्याच पिढीतला कोंबडा आणि कोंबडी पुढे एकत्र आले की चिमटी पुन्हा वाटल्या जातात: एका बहिणीच्या वाट्याला बऱ्याच, दुसरीच्या वाट्याला दोनच. आईच्या टोपलीतल्या पाच छटा अशा आल्या.

इथे आमच्या शेजारची काकू हमखास वाद घालते. "कोंबडा बदलला तशी अंडी फिकी झाली." तसं होत नाही. टरफल कोंबडीच घडवते, कोंबड्याचं त्यात काही चालत नाही. अंडी फिकी होण्याची कारणं दुसरी असतात: कोंबडीचं वय वाढलं, अंडी मोठी होऊ लागली, कुत्रं मागे लागून घाबरली. रक्ती हगवणीवर वापरतात ते निकार्बाझिन चुकून अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात गेलं, तरी तपकिरी अंडी पांढरी पडू लागतात. नव्या कोंबड्याचा रंग दिसायचा तर त्याच्या लेकींनी अंडं घालायला हवं. एकवीस दिवस उबवण, मग सहा-सात महिने वाढ. तोवर काकूंचा कोंबडा बहुधा रश्श्यात गेलेला असतो.

निळ्या रंगाची गोष्ट मात्र सरळ आहे, आणि सरळ असूनही जास्त नवलाची. चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्या निळी अंडी घालतात. 1921 साली हेगला भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांची ओळख युरोपला झाली. 1933 साली रेजिनाल्ड पुनेट यांनी दाखवलं की हा रंग एकाच प्रभावी, म्हणजे एक प्रतही पुरणाऱ्या, जनुकाने येतो. शाळेत अनुवंशाचे चौकोन भरायला लावतात, त्या चौकोनांमागचे पुनेट ते हेच. एक निळी प्रत आणि एक साधी प्रत असलेला कोंबडा साध्या कोंबडीला दिला, तर सरासरी निम्म्या लेकी निळी अंडी घालतात. आईकडून तपकिरी आलं असेल तर निळ्यावर तपकिरी चढून हिरवट, अगदी शेवाळी अंडं मिळतं. तेही फोडून बघावं: आतून निळंच, कारण निळा रंग कवचात आरपार मुरतो.

हा रंग आला कुठून, ते 2013 साली कळलं. पूर्वी कधीतरी एका रेट्रोव्हायरसचा, म्हणजे यजमानाच्या डीएनएत शिरणाऱ्या विषाणूचा, तुकडा कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रात, एका वाहक प्रथिनाच्या जनुकाशेजारी घुसून बसला. त्यामुळे ते जनुक कवचग्रंथीत जागं झालं आणि कवचात निळं द्रव्य उतरू लागलं. गंमत पुढेच आहे. चीनमध्येही निळी अंडी घालणाऱ्या जाती आहेत, आणि त्यांच्यातही तोच तुकडा तिथेच बसलाय, फक्त डीएनएच्या 23 अक्षरांच्या अंतरावर. म्हणजे एकच अपघात जगाच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे घडला.

निळ्या जनुकाच्या शेजारीच बुटक्या, तीन ओळींच्या तुऱ्याचं जनुक असतं, दोन्ही बहुतेक वेळा जोडीनेच पुढे जातात. म्हणून चिलीच्या कोंबड्यांशी संकर करणारे पिल्लाचा तुरा बघून अंड्याचा अंदाज बांधतात. आपल्याकडे ही युक्ती फसेल. आपल्या झुंजीच्या असील जातीला तुरा अगदी तसाच, पण निळी प्रत नाही.

आणि बलक? तो सगळा खाण्याचा हिशेब. हिरवं गवत, मका, पालापाचोळ्यातले किडे मिळाले की केशरी होतो. पोल्ट्रीवाले खाद्यात झेंडूचा अर्क घालूनही तो रंग आणतात. बलकाला रंगवणारं तेच पिवळं द्रव्य पायांत साठावं की नाही, हे ठरवणारं जनुक कोंबडीने बाहेरून घेतलंय. ते बहुधा राखी रानकोंबड्याचं, असं 2008 साली दिसून आलं. हा रानकोंबडा सह्याद्रीत आजही आरवतो. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा असला, तरी तिच्या पिवळ्या पायांत आपलं रान आहे. 'शुद्ध' कोंबडी शोधायला निघालेल्यांनी आधी पाय बघावेत.

गेल्या पावसाळ्यात आईने खुडूक बोडकीखाली तांबडीची आणि तिची स्वतःची मिळून अकरा अंडी ठेवली. पिल्लं निघाली नऊ. घारीने दोन नेली, मानमोडीच्या रोगात दोन गेली. उरलेल्यांत तीन तलंगा, बोडक्या मानेची एकही नाही. बाप कोण ते कोणालाच ठाऊक नाही, तरी तिघींच्या पायांत वेगळ्या रंगांचे दोरे बांधून मी वाट बघत होतो. एकीने बदामी घातलं, दुसरीने त्याहून गडद, त्यावर चॉकलेटी ठिपके. तिसरीचं पांढरं, बोडकीपेक्षाही पांढरं.

ते आईने टोपलीत ठेवलंच नाही. आता बोडकीची आणि तिसरीची अंडी आम्हीच खातो.