वेल्बीबाईंच्या पुस्तकांचे समास

लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस ग्रंथालयात एका बाईची पुस्तकं स्वतंत्र संग्रह म्हणून जपली आहेत. तत्त्वज्ञान, धर्म, मानसशास्त्र, भाषा, जीवविज्ञान असे त्यांतले विषय. मालकीणबाई हातात लेखणी घेऊन वाचत असत, त्यामुळे अनेक पुस्तकांत त्यांच्या खुणा आणि समासातल्या नोंदी आहेत. त्यांचं नाव व्हिक्टोरिया वेल्बी (१८३७–१९१२). शब्दाला अर्थ येतो कुठून, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो का, या प्रश्नाला वाहून घेतलेल्या पहिल्या विचारवंतांपैकी त्या एक होत्या. विद्यापीठात त्यांना कधी जागा नव्हती, पदवी तर नव्हतीच. त्यामुळे हा संग्रह म्हणजेच त्यांची प्रयोगशाळा होती असं मी मानतो.

जन्म बड्या सरदार घराण्यातला, खुद्द व्हिक्टोरिया राणी त्यांची धर्ममाता. रीतसर शाळा मात्र झालीच नाही. आई कवयित्री आणि प्रवासवेडी, लेकीला घेऊन ती अमेरिकाभर फिरली. त्या प्रवासाची मुलीनं लिहिलेली रोजनिशी १८५२ साली छापून आली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुढे १८५५ मध्ये सीरियाच्या प्रवासात आई वारली आणि अठरा वर्षांची मुलगी परक्या मुलखात एकटी उरली. काही काळ राणीच्या दरबारात काढून १८६३ मध्ये लग्न झालं. मग ग्रँथमजवळच्या डेंटन मॅनर या घरात संसार, मुलंबाळं आणि वाचन.

सुरुवात झाली बायबलपासून. धर्मग्रंथातलं एकच वचन दोन माणसं इतक्या वेगळ्या रीतीनं कशी घेतात, या कोड्यातून त्यांचं १८८१ चं पहिलं वैचारिक पुस्तक आलं. मग त्यांच्या लक्षात आलं की हा घोळ काही धर्मापुरता नाही. विज्ञानाची माणसंही एकच शब्द वापरून वेगवेगळ्या गोष्टी बोलतात, आणि वाद मात्र एकाच गोष्टीवर चालल्यासारखा घालतात.

इथून त्यांचं वाचन म्हणजे पुराव्यांची जमवाजमव झाली. १८९१ मध्ये त्यांनी ग्रँथमच्याच छापखान्यात एक संकलन छापून घेतलं, त्याचा विषयच मुळी संदिग्धतेचे साक्षीदार! १८९३ मध्ये दुसरं संकलन आलं. ‘माइंड’ हे तत्त्वज्ञान-मानसशास्त्राचं त्रैमासिक आणि ‘नेचर’ हे विज्ञानाचं साप्ताहिक, यांच्या कित्येक वर्षांच्या अंकांतून वेचलेले उतारे त्यात होते. संज्ञांचे अर्थ कसे सरकतात आणि कुठे तोकडे पडतात, हे दाखवणारे. ‘माइंड’चे तर १८७६ ते १८९२ असे सोळा वर्षांचे अंक त्यांनी धुंडाळले होते. आज भाषाशास्त्रज्ञ संगणकात कोट्यवधी शब्दांचा साठा भरून त्यातून वापराचे नमुने शोधतात. वेल्बीबाई तेच काम डोळ्यांनी आणि हातानं करत होत्या.

त्यांचं एक काम जरा जवळून बघण्यासारखं आहे. १८९२ च्या ऑगस्टमध्ये लंडनला प्रायोगिक मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वेल्बीबाईंनी त्या परिषदेपुढे उताऱ्यांची एक छोटी पुस्तिका ठेवली. प्रश्न एवढाच: मनाबद्दल बोलताना ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द आपण वापरतो, त्यांची मदत होते की अडचण? आत-बाहेर ही भाषा डब्याची, घराची, जागेची आहे. मन ‘आत’ आणि जग ‘बाहेर’ असं एकदा म्हटलं, की बाहेरचं जग आत शिरतं कसं, हे कोडं आपोआप उभं राहतं. त्या कोड्याचा किती भाग मनाचा आणि किती भाग नुसत्या उपमेचा? हा प्रश्न मला आजही जिवंत वाटतो. मेंदूविज्ञानाच्या बातम्यांत ‘मेंदूत माहिती साठवली जाते’ असं आपण रोज वाचतो, तेव्हाही एक कोठार डोळ्यांपुढे असतंच.

‘पाया’ या शब्दाचंही तेच. ज्ञानाला पाया हवा, असं आपण सहज म्हणतो. पण ज्या पृथ्वीवर आपण पाये खणतो, ती स्वतः कशावर टेकलेली आहे? कोपर्निकसनंतर विज्ञान बदललं, भाषा जुन्या विश्वातच राहिली, हे त्यांचं दुखणं होतं. १९८० नंतर भाषाशास्त्रज्ञांनी विचारांना वळण देणाऱ्या रूपकांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मात्र प्रत्येक शब्दाला एकच पक्की व्याख्या ठोकून द्यावी, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. सजीव जसा परिस्थितीप्रमाणे जुळवून घेतो तशी भाषाही घेते, हा लवचिकपणा टिकायलाच हवा. हवी आहे ती शब्दांच्या अर्थाविषयीची जाणीव, आणि ती लहानपणापासून मुलांना द्यावी. या अभ्यासाला त्यांनी ‘सिग्निफिक्स’ असं नवं नाव दिलं आणि अर्थाचे तीन थर सांगितले. पहिला थर इंद्रियांच्या आणि सहजप्रेरणेच्या जवळचा. दुसरा बोलणाऱ्याच्या हेतूचा. तिसरा त्या गोष्टीच्या मोलाचा, म्हणजे ती आपल्या जगण्यात कशासाठी महत्त्वाची आहे याचा.

१९०३ मध्ये त्यांचं मुख्य पुस्तक आलं. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स पर्स यांनी त्याचं परीक्षण लिहिलं, तेही बर्ट्रंड रसेल यांच्या गणितावरच्या ग्रंथाच्या जोडीनं, एकाच लेखात. पर्स तेव्हा पेन्सिल्व्हेनियात हलाखीत दिवस काढत होते. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला तो १९११ पर्यंत चालला, आणि चिन्हांविषयीचे आपले सर्वांत मोकळे विचार पर्स यांनी या पत्रांत लिहिले. वेल्बीबाईंनी आयुष्यभरात साडेचारशेहून अधिक लोकांशी पत्रव्यवहार केला. ही कागदपत्रं आता टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात आहेत. म्हणजे पुस्तकं अटलांटिकच्या एका काठाला आणि पत्रं दुसऱ्या काठाला. अभ्यासकाला दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

असं ताडताना समासाची नोंद पुरावा म्हणून कशी वापरतात? पुस्तकाच्या छपाईच्या वर्षाआधी नोंद होणं शक्य नाही, ही तिची एक सीमा. तोच विचार एखाद्या तारीखवार पत्रात सापडला, तर काळ आणखी आवळता येतो. अक्षर कुणाचं, शाई की शिसपेन्सिल, नोंद एका बैठकीतली की पुन्हा वाचताना भर घातलेली, हे सगळं पाहावं लागतं. नव्यानं बांधणी करताना पानांच्या कडा कापल्या जातात आणि शब्दांचे शेपटे उडतात. त्याहून मोठा धोका म्हणजे संग्रह फुटण्याचा. अशी पुस्तकं सुटी विकली किंवा ‘दुसरी प्रत आहे’ म्हणून रद्दीत काढली, तर छापील मजकूर जगात उरतो, पण वाचणारीचा विचार जातो. वेल्बीबाईंचा संग्रह एकत्र राहिला, हे म्हणूनच फार मोलाचं.

शेवटच्या वर्षांत केंब्रिजचा एक तरुण विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागला, चार्ल्स ऑग्डन. पर्स यांची पत्रं त्याला पाहायला मिळाली ती वेल्बीबाईंकडूनच. १९२३ मध्ये त्यानं आय. ए. रिचर्ड्स यांच्यासह अर्थविचारावर एक ग्रंथ लिहिला. पर्स यांच्यावर त्यात स्वतंत्र परिशिष्ट आहे आणि त्या पत्रांतले उतारेही. इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञांना पर्स यांची ओळख होण्यात त्या परिशिष्टाचा मोठा हात आहे. वेल्बीबाईंच्या वाट्याला त्याच ग्रंथात मोजकेच उल्लेख आले. नेदरलंड्समध्ये मात्र डच लेखक फ्रेडरिक फान एडन यांनी त्यांचा विचार नेला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीत ब्राउवर आणि मानूरी यांच्यासारखे गणिती सामील झाले.