निंबोळी अर्क आणि '५ टक्के'चा घोळ : पार्श्वभूमी

जास्वंदीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकणाचा, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीचा, कापूस दिसला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. सल्ला चुकीचा नाही. घोळ त्या '५ टक्के'त आहे, आणि तो गेल्या साठेक वर्षांत थराथराने साचला आहे.

कणगीत कडुनिंबाचा पाला, भाजीवर राख, तंबाखूचं पाणी हे सगळं जुनंच. मग गॅमेक्सीन या कीटकनाशकाची पुडी आली आणि परसातल्या वालावर, मुंग्यांच्या रांगेवर, अगदी ढेकणांच्या खाटेवरही तीच पूड पडू लागली. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, गॅमेक्सीन म्हणजे बीएचसी १९९७ मध्ये. तंबाखूच्या काढ्याला मात्र 'घरगुती' म्हणून अजून अभय मिळतं, ते मिळू नये. निकोटिन सल्फेटच्या वापराला देशात बंदी आहे, शिवाय तंबाखूतला मोझॅक विषाणू हाताला लागून टोमॅटो-मिरचीवर जातो.

कडुनिंबाचं आजचं स्थान पाल्यामुळे नाही, बीमुळे आहे. १९५९ मध्ये सुदानात टोळांनी सगळी हिरवळ फस्त केली, तेव्हा कडुनिंबाची झाडं तेवढी हिरवी उभी होती. १९६२ च्या टोळधाडीत दिल्लीत उभ्या पिकांवर निंबोळीच्या मगजाचं, म्हणजे बीच्या कवचाआतल्या भागाचं, ०.१ टक्क्याचं पाणी फवारलं, आणि टोळ त्या पिकांवर बसले पण खाईनात. म्हणजे लिटरला फक्त १ ग्रॅम मगज. मग आपल्याकडे ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, कुठून आले? वाळवंटी टोळ अझाडिरॅक्टिनला, म्हणजे निंबोळीतल्या कीड रोखणाऱ्या मुख्य द्रव्याला, विलक्षण संवेदनशील आहे. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण तितके नाहीत. त्यात घरची बी कधी ताजी, कधी शिळी, कधी बुरशी धरलेली. लिटरला ५० ग्रॅम हे या सगळ्याला पुरून उरणारं माप आहे.

अझाडिरॅक्टिन बीमधून वेगळं काढलं गेलं १९६८ मध्ये. त्याची रचना नीट उलगडायला १९८५ उजाडलं, आणि प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा घडवलं गेलं २००७ मध्ये. इतका किचकट रेणू कारखान्यात बनवणं परवडणारं नाही. म्हणून बाटलीतलं औषधसुद्धा शेवटी बीपासूनच निघतं.

आता ते ५ टक्के. रूढ कृती अशी: ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या १ लिटर पाण्यात. सकाळी भरडा ढवळून फडक्यातून पिळून गाळायचा, साबणाचं पाणी त्यात मिसळायचं. हा झाला १० लिटर अर्क. तो १०० लिटर करून फवारायचा. म्हणजे ५ टक्के हे फवाऱ्याच्या टाकीतलं, बीच्या वजनाचं प्रमाण आहे. पण वाचणारा बादलीतल्या १० लिटरलाच 'अर्क' म्हणतो, आणि '५ टक्के फवारा' वाचून त्यातले ५० मिलिलिटर लिटरभर पाण्यात घालतो. पडतात अडीच टक्के. हवे असतात १०० मिलिलिटर. अख्ख्या बीत मगज साधारण निम्माच असतो. मूळ माप मगजाचं धरून कवचासकट बी भरडली, तर या अडीचचाही सव्वा टक्काच हाती लागतो.

दुसरा घोळ बाजारातल्या बाटल्यांचा. ३००, १५००, १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) हे आकडे थेट अझाडिरॅक्टिनचे आहेत, बीचे नाहीत. १५०० पीपीएमची बाटली लिटरला ५ मिलिलिटर घेतली की टाकीत साडेसात पीपीएम येतं. १०,००० ची २ मिलिलिटर घेतली तर २०. घरच्या अर्काचा हिशेब वेगळा. मगजात ०.२ टक्के अझाडिरॅक्टिन धरलं आणि ते सगळं उतरलं असं मानलं, तर ५ टक्के अर्कात १०० पीपीएम. सगळं कधीच उतरत नाही, तरी घरचा अर्क कमजोर असतो ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याचा खरा दोष म्हणजे दर वेळी तो वेगळा निघतो. शिवाय '५ टक्के' अझाडिरॅक्टिनची, म्हणजे ५०,००० पीपीएमची, बाटलीही मिळते. अर्काच्या सल्ल्यातले '५ टक्के' आणि या लेबलावरचे '५ टक्के' एकच समजणाऱ्याची झाडं होरपळतात.

तिसरा थर चढला तो पेटंटच्या वादाने. १९९४ मध्ये युरोपात एक पेटंट दिलं गेलं आणि आपल्याकडे 'कडुनिंबाचं पेटंट पळवलं' अशी हाकाटी झाली. हरकत रास्त होती, हाकाटी मात्र ढोबळ. ते पेटंट झाडाचं नव्हतं, कीटकनाशकाचंही नव्हतं; विशिष्ट रीतीने काढलेल्या तेलाने रोपांवरची बुरशी रोखण्याचं होतं. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर झालेल्या चाचण्यांची साक्ष तिथे मांडली गेली, ती निर्णायक ठरली आणि २००० मध्ये पेटंट रद्द झालं. त्यावरचं अपील २००५ मध्ये फेटाळलं गेलं. या गदारोळात बोलण्यात 'तेल' आणि 'अर्क' एक झाले. खरं तर तेल मुख्यतः किडीच्या अंगावर थर धरून गुदमरवतं. त्यात अझाडिरॅक्टिन किती, हे गाळण्याच्या रीतीवर ठरतं. तेलाचं घरगुती माप लिटरला ५ मिलिलिटर. आधी पाण्यात २ ग्रॅम मऊ साबण विरघळवायचा, मग तेल. उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात नुसतं तेल येऊन पानं भाजतात. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो. कपड्यांची पावडर तर नकोच.

अर्क फसतो त्याची कारणं ठरलेली आहेत. पाला उकळणं: पाल्यात अझाडिरॅक्टिन बीपेक्षा फार कमी, आणि असतं तेही उकळल्याने जातं. भर दुपारी फवारणी: उन्हात ते झपाट्याने विघटित होतं, म्हणून संध्याकाळ. बी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणं: गर काढून सावलीत वाळवलेली बी गोणपाटातच टिकते. निंबोळ्या पडतात जून-जुलैत, पिठ्या ढेकूण माजतो पुढच्या उन्हाळ्यात. तोवर बीचा जोर ओसरलेला असतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे घाई. अझाडिरॅक्टिन कीड जागेवर पाडत नाही. ती खाणं सोडते, पिल्लांना कात टाकता येत नाही. फरक दिसायला चार-सहा दिवस लागतात, दुसरी फवारणी आठवड्याने. दुसऱ्याच दिवशी 'काही झालं नाही' म्हणून कडक औषध मारलं की मित्रकीटक आधी मरतात.

या मित्रकीटकांचाही इतिहास ताजा आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूरला सापडला. महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांनाही त्याची झळ बसली आणि तो घरोघरच्या जास्वंदीवर पसरला. औषधांना तो दाद देईना. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ढेकणाच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा तो आवरला. आपल्या शेंड्यावरच्या ढेकणाला बारीक गोल भोक पडलेलं आणि आत पोकळ दिसलं, तर त्या फांदीवर काहीच फवारू नये. मुंग्या मात्र हटवाव्यात, कारण गोड चिकट्यासाठी त्या ढेकणांची राखण करतात आणि गांधीलमाश्यांना फिरकू देत नाहीत. कुंडीच्या पायाखाली साबणाच्या पाण्याची ताटली एवढं पुरतं.

क्रिप्टोलीमस हा पिठ्या ढेकूण खाणारा भुंगेरा त्याहून जुना. तो १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाहून कॉफीच्या मळ्यांसाठी आणला गेला. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी मढलेली, थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारखी. भल्याभल्यांच्या हातून ती चिरडली जाते. काडीने हलकेच डिवचावं: ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी तुरुतुरु पळते.