जास्त बर्फाने हायबॉल पाणचट होतो?

बर्फ जास्त घातला की व्होडका हायबॉल, म्हणजे उंच ग्लासात बर्फावर ओतलेला व्होडका-सोडा, पाणचट होतो, हा समज काही केल्या जात नाही. प्रकार नेमका उलटा आहे. दोनच खडे टाकले तर पेय गार करता करता तेच विरघळून जातात आणि हाती उरतं कोमट, बेचव पाणी. ग्लास काठोकाठ बर्फाने भरा. पेय पटकन गार होतं, मग बर्फ सावकाश वितळतो. खरी खोट असते कोमट सोड्यात. तो आधीच फ्रिजमध्ये ठेवा, गार सोड्यात वायूही जास्त टिकतो. ४५ मिली व्होडका, तिप्पट सोडा, ग्लास तिरपा धरून हळूच ओतलेला. चमचा तळापासून एकदाच वर उचलायचा. घुसळलंत तर बुडबुडे गेलेच! लिंबू पिळा, नाहीतर नुसती साल मुरडून टाका; मला सालच आवडते.