सीलबंद पाकिटात खराबी निघाली तर: बेळगाव भागात तक्रार कुठे करायची?

पाकिटात अळी किंवा बुरशी दिसली की आपल्याकडे पहिल्यांदा ते कचऱ्यात जातं. तिथेच पुरावा संपतो. पाकीट, उरलेला माल आणि बिल जपून ठेवा. बॅच नंबर, तारखा आणि 14 अंकी परवाना क्रमांक दिसेल असे फोटो काढा.

निपाणी, खानापूरकडचे बरेच जण अशा वेळी कोल्हापूरच्या अन्न व औषध प्रशासनाचा पत्ता विचारतात. खरेदी बेळगाव जिल्ह्यात झाली असेल तर तक्रार कर्नाटकच्या अन्न सुरक्षा विभागाकडे, म्हणजे जिल्ह्याच्या अंकित अधिकाऱ्यांकडे (Designated Officer) द्यायची. कायदा दोन्हीकडे एकच, 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा. माल कुठला, हे परवाना क्रमांकावरून बऱ्याचदा कळतं: पहिल्या अंकानंतरचे दोन अंक 12 असतील तर परवाना कर्नाटकचा, 15 असतील तर महाराष्ट्राचा.

तक्रार कोणीही करू शकतो. 1800112100 हा टोल-फ्री नंबर आणि 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपही आहे. लेखी अर्ज मराठीत लिहिलात तरी सोबत कन्नड किंवा इंग्रजीत एक पान जोडाच. मराठीचा हक्क सोडा असं मी म्हणत नाही, पण पोटात गेलेल्या विषाची चौकशी भाषेपायी अडायला नको.

स्वतः फी भरून तपासणी करून घ्यायची असेल तर याच कायद्याचं कलम 40 आहे, फक्त तसा इरादा खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. अहवालात दोष निघाला तर फी परत मिळते.

दुकानदारांनी जप्ती नीट समजून घ्यावी. कलम 38 खाली अधिकारी संशयित माल जप्त करतात आणि नमुना घेतात; नमुन्याचे पैसे तुम्हाला मिळायला हवेत. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन अंकित अधिकाऱ्यांकडे. चौथा तुम्ही मागणी केलीत तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही मागणी तिथल्या तिथे करा, कारण गडबडीत नेमकी हीच राहून जाते. जप्त माल बाँड घेऊन तुमच्याच दुकानात ठेवला गेला तर त्यातलं एक पाकीटही हलवू नका, तो वेगळा गुन्हा आहे.

होलसेलवाल्याचं पक्कं बिल मागून घ्या. कायद्यात तेच मालाच्या हमीसारखं धरलं जातं. कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा किराणावाला अशा वेळी एकटा पडतो.

विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर 30 दिवसांच्या आत अंकित अधिकाऱ्यांकडेच अपील करता येतं.